आपलं समोरच्यांनी करायचं

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. ज्या घरात फोन एकाच बातमीसाठी वाजतो त्या घरात लहानपण गेल्यावर माणसाला फोन नकोसा होतो, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे सगळं लिहावं लागतं, आणि मला लिहायचा कंटाळा आहे.

बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी आकृती काढून दाखवली. मला ती लगेच कळली, कारण माझं शिक्षण शीतयंत्रांचं आणि पंपांचं. हा पंप झिजलाय आणि बदलता येत नाही. औषधांनी काही काळ चालेल. तो काळ मोठा धरू नका, असं ते म्हणाले. तुला कळवायचं नाही असं बाबांनी मला बजावलंय. मी कळवतेय.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "काही शंका आहे?"

बाबा म्हणाले, "समोरच्यांनी दुकान विकलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकृतीकडे पाहिलं.

घरी येताना गाडीत ते तेवढंच बोलत होते. समोरच्यांनी दुकान विकलं, आता माझं कोण करणार. मला जेवढं माहीत आहे ते लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त कर. आपण पणजोबांपासून लोकांचे अंत्यविधी करतो. रस्त्यापलीकडचे समोरचेही तेवढ्याच पिढ्या तेच करतात. दोन्ही घरांत बोलणं नाही. पण आपल्या घरात कुणी गेलं की समोरच्यांनी येऊन करायचं, आणि त्यांच्या घरात कुणी गेलं की आपण. आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही. आता समोर एका कंपनीची पाटी लागली आहे, आणि बाबांना कंपनीचा हात नको आहे.

मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाले, "तुला नियम माहीत आहे." आणि खिडकीची काच वर केली.

हा नियम कुठून आला ते मला कळव. कारण कळलं की नियम रद्द करता येतो का ते ठरवता येईल. आणि तू मोठी बहीण आहेस, तर त्यांना चार ओळी लिहून हट्ट सोडायला सांग.

तुझी भाची


१९ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू पत्र लिहितेस की मिक्सरबरोबर येणारं माहितीपत्रक, हे मला दोनदा वाचून ठरवावं लागलं.

तुझ्या बापाला आम्ही ठोंब्या म्हणायचो ते उगाच नाही. याला लहानपणी साधी सर्दी झाली तरी हा गादीवर सरळ झोपून छातीवर हात घडी करून ठेवायचा आणि मला म्हणायचा, "ताई, असं बरोबर दिसतं का?" दुकानातल्या पोरांचे खेळ. तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते डॉक्टरांना म्हणू दे. मी त्याच्याहून मोठी आहे. रांग मोडायची नाही म्हणावं.

आता नियमाचं. माझे आजोबा सुतार. कपाटं करायचे. समोरच्यांचे आजोबा घोडागाडीवाले. एकाने शवपेटी करायची, दुसऱ्याने न्यायची, असं दोघांचं मिळून एकच दुकान होतं. मग भांडण झालं. कशावरून ते विचारू नकोस, जितकी तोंडं तितकी कारणं ऐकलीत मी. घोडागाडीवाल्यांनी समोर वेगळं दुकान थाटलं, दोघांनीही दोन्ही कामं सुरू केली आणि बोलणं कायमचं बंद.

पुढे माझी आजी गेली. आजोबा तिची पेटी करायला बसले. अर्ध्या शहराच्या पेट्या त्या माणसाने दुपारभरात हातावेगळ्या केल्या होत्या. ही संपेना. रंधा मारायचे, हात फिरवून पाहायचे, पुन्हा रंधा. फळ्या पातळ होत चालल्या, पायाशी ढलप्यांचा ढीग. सगळे ताटकळले होते आणि पुरे म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी समोरचे रस्ता ओलांडून आले. एक शब्द न बोलता त्यांच्या हातातून रंधा काढून घेतला, दंडाला धरून त्यांना बाहेर फुटपाथवर नेऊन उभं केलं आणि आतून दार लावलं. पुढचं सगळं त्यांनी केलं. बोलणं त्यानंतरही सुरू झालं नाही, दोघांचीही डोकी लाकडाची. पण त्यांचा भाऊ गेला तेव्हा आजोबा न बोलावता समोर गेले. तेव्हापासून हे असं आहे. माझ्या वडिलांना त्यांनी नेलं, त्यांच्या वडिलांना आम्ही. तुझ्या आईलाही त्यांनीच.

रद्द करायला हा काय महापालिकेचा नियम आहे?

त्याला मी वेगळं लिहिणार नाही. हे पत्र त्याला वाचून दाखव, सर्दीचं सोडून.

तुझी आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

पत्र वाचून दाखवलं. सर्दीचंसुद्धा वाचलं, कारण मधली ओळ गाळली की बाबांना आवाजावरून कळतं. ते म्हणाले, "ताईला काय माहीत, भांडण घोड्यावरून झालं होतं." मग अर्धा तास घोडा. तो कुणाच्या गोठ्यात बांधायचा, त्याला खरारा कुणी करायचा. मूळ मुद्दा तिथेच राहिला.

परवा कंपनीचा मॅनेजर येऊन गेला. शेजारधर्म म्हणून. टाय लावून, हातात गुळगुळीत पुस्तिका. त्यात शांती, समाधान आणि सन्मान अशी तीन पॅकेजं आहेत आणि आगाऊ नोंदणीची सोय आहे. बाबांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, विचार करताहेत. मग ते मॅनेजरला म्हणाले, "पान चारवर माणूस उताणा दाखवलाय आणि उशी मानेखाली आहे. उशी खांद्यापासून लागते, नाहीतर हनुवटी वर जाते आणि माणूस नाराज दिसतो." मॅनेजरने ते लिहून घेतलं. बाबा तो गेल्यावर म्हणाले, "लिहून घेतो, म्हणजे चांगला आहे. पण त्याचं इथे कोण आहे?"

मी पुन्हा सरळ विचारलं. शीतखोली मी नव्याने बसवली, दोन वर्षं कामाच्या खोलीत तुमच्या शेजारी उभी आहे, एकही गोष्ट अशी नाही जी मला येत नाही. मग अडचण काय आहे? ते म्हणाले, "येत नाही म्हणून नको असं कुठे म्हटलं मी?" मी म्हटलं, मग? तर म्हणाले, "तू हात लावायचा नाहीस. विषय संपला."

तेव्हापासून आमचं बोलणं ड्रायव्हरकाकांमार्फत चाललंय. ते बिचारे आमच्या मधोमध बसून जेवतात. "साहेब म्हणताहेत, मीठ द्या." "ताई म्हणताहेत, मीठ बंद आहे." काल ते म्हणाले की समोरच्यांच्या घरात नोकरी केली असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट लिहिते, तिचा उपयोग असेल तर बघ. आईच्या वेळी बाबा फुटपाथवर उभे होते. मी लहान होते, वरच्या खिडकीतून बघत होते. मला वाटायचं की त्यांना कुणीतरी आत येऊ देत नाही. माझ्यासाठी तो नियम म्हणजे तेवढंच आहे. एक माणूस स्वतःच्या दाराबाहेर उभा आहे, आणि हे सगळ्यांना बरोबर वाटतंय. मला त्यात काही बरोबर दिसत नाही.

आता प्रश्न. तू लग्न करून या घरातून गेलीस. म्हणजे तू घरात धरली जातेस की बाहेर? बाहेर असशील तर तू ये. काम तुला येतं, तूही याच घरात वाढलीस. स्पष्ट हो किंवा नाही लिही.

तुझी भाची


९ मार्च

चि. इंजिनीअरबाईस आशीर्वाद.

नाही.

स्पष्ट हवं होतं ना? माझे गुडघे जिना चढत नाहीत, आणि तुमच्या घरात जिन्याशिवाय काही नाही. आणि मी बाहेरची झाले असं तुला कुणी सांगितलं? आडनाव बदललं म्हणून ठोंब्या माझा भाऊ राहिला नाही की काय? त्याचे जोडे मी पुसलेत. त्याला मी कसा हात लावू, मूर्ख मुली.

तू त्याच्याशी बोलायला लाग. त्या ड्रायव्हरला पचनाचा त्रास होईल.

आणि एवढी शिकलेली तू, साधी गोष्ट सुचत नाही तुला. समोरच्यांनी दुकान विकलं, स्वतःला नाही विकलं. तो म्हातारा अजून आहे. मुलाकडे राहतो, मुलगा दातांचा डॉक्टर आहे, त्याचा दवाखाना पोस्टाच्या मागच्या गल्लीत आहे, वरच्या मजल्यावर घर. गॅलरीत जाळी लावलेली आहे. जा आणि त्याला विचार. तो नाही म्हणणार नाही. आम्ही एका वर्गात होतो. शाळेतही बोलायचो नाही, नियम म्हणजे नियम, पण मला गणित अडलं की हा आपली वही बाकावर उघडी टाकून पाणी प्यायला जायचा.

मी पाठवलं म्हणून सांग त्याला.

नको. काही सांगू नकोस.

आत्या


२१ मार्च

प्रिय आत्या,

गेले होते. जाळीची गॅलरी सापडली. तुला ती कशी माहीत, हे मी विचारत नाही.

आगाऊ कळवायला हवं होतं, ही चूक माझी. दार दंतवैद्यांनी उघडलं. पन्नाशीचे, हात सतत धुऊन कोरडे पडलेले. मी नाव सांगण्याआधीच आतून काकांनी मला पाहिलं आणि ते खुर्चीतून उठले. "कोट आण," मुलाला म्हणाले. मला म्हणाले, "कोण गेलं?"

आपल्या घरातलं माणूस त्यांच्या दारात दुसऱ्या कशासाठी येतच नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हटलं, "कुणी नाही, काका. सगळे आहेत." त्यांचा एक हात तोवर कोटात गेला होता. "मग आलीस कशाला?" मी म्हटलं, "चौकशीला." ते म्हणाले, "आगाऊ?" आणि असे बघायला लागले की मला त्या गुळगुळीत पुस्तिकेची आठवण झाली.

दंतवैद्य म्हणाले, "बाबा, कोट काढा, बसा." काका म्हणाले, "ती आली आहे म्हणजे कुणीतरी गेलं असणार. मला सांगत नाहीत." मग मला, हळूच, "तुझी आत्या तर नाही?" मी म्हटलं, आत्या ठणठणीत आहे, पत्रातून मला शिव्या घालते. तेव्हा ते बसले. पण कोट काढला नाही.

मी बाबांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी आहे तोवर मी करीन. मी नसलो तर हा करील." मुलाकडे बोट.

दंतवैद्य म्हणाले, "मी दात काढतो, बाबा."

"मग? तेही न दुखवताच काढायचे असतात ना?"

दंतवैद्य मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तुम्ही मनावर घेऊ नका. आठवीत मला त्या खोलीत एकदा भोवळ आली होती. दुकान त्यामुळेच विकलं गेलं." सभ्य माणूस वाटला, पण बिनउपयोगाचा.

बाबांना सांगितलं, समोरचे काका करीन म्हणालेत. (होय, बोलतोय आम्ही.) बाबांनी फक्त विचारलं, "उठून उभा राहिला का?" मी म्हटलं, हो. तर त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. औषधांपेक्षा गुण आला. मी औषधांवर विश्वास ठेवणारी बाई आहे, तेव्हा हे लिहिताना मला आनंद होत नाही.

तुझी भाची


४ जून

प्रिय आत्या,

समोरचे काका सोमवारी सकाळी गेले. खुर्चीत, चहा पिऊन झाल्यावर.

तू विचारशील म्हणून सविस्तर लिहिते. दुकान विकताना झालेल्या करारात एक कलम होतं. मूळ मालकांना सन्मान पॅकेज, कंपनीकडून. मॅनेजर काळा कोट घालून दवाखान्यासमोर गाडी घेऊन उभा होता, आणि मला म्हणायचंय की गाडी स्वच्छ होती. दंतवैद्य आमच्याकडे आले. फोन न करता, रस्ता ओलांडून, चालत. दारात उभे राहिले आणि काय बोलायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "काही बोलायचं नसतं. कोट आणतो."

मी म्हटलं, तुम्हाला जिना चढायची परवानगी नाही. ते दंतवैद्यांच्या घराचा जिना चढले. दोनदा थांबले. मॅनेजर कलमाचा कागद काढायला लागला, तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "घरचा नियम आहे हो, राहू द्या." तेव्हा त्या माणसाने कागद घडी करून ठेवला आणि पेटी उचलायला हात लावला.

आपल्या कामाच्या खोलीत बाबा स्टुलावर बसले आणि मी केलं. ते सांगत होते, मी करत होते. मला येत नव्हतं असं काही नव्हतं, पण मी मध्ये बोलले नाही. केस मात्र त्यांनी स्वतः विंचरले. आयुष्यात त्या माणसाशी एक शब्द न बोललेले बाबा कंगवा फिरवत म्हणाले, "किती वाढवलेस रे. आता कोण बघणार म्हणून?"

आता तुला अडचण कळली असेल. बाबांना समोरचे राहिले नाहीत. ते स्वतः याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, ते मला जास्त त्रासाचं वाटतं. मी कंपनीच्या मॅनेजरला विचारलं तर तो उद्या येईल, आणि मी विचारणार नाही. तू काहीतरी सुचव.

तुझी भाची


११ जून

चि. बाळे,

भांग कुठल्या बाजूला पाडला?

आत्या


१६ जून

प्रिय आत्या,

उजवीकडे. बाबांनी आधी डावीकडे पाडला होता. मग थांबले, म्हणाले, "ताई असती तर ओरडली असती," आणि बदलला.

तुझी भाची


२७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तू आलीस तेव्हा सगळं झालेलं होतं. तू विचारलंस, कोणी केलं? मी म्हटलं, झालं. एवढ्या माणसांत मला त्याहून जास्त बोलायचं नव्हतं. तू चारही दिवस गुडघे धरून तो जिना चढलीस उतरलीस, आणि गाडीत बसताना म्हणालीस, "लिही." म्हणून लिहिते.

सकाळी बाबांना उठवायला गेले तर ते उठणार नव्हते. मी जे करायचं ते केलं. डॉक्टरांना बोलावलं, दाखला घेतला, ड्रायव्हरकाकांना खुर्ची दिली. मग शीतखोलीचं तापमान पाहिलं आणि ठरवलं की मी करणार. नियमाची दुसरी बाजूच उरलेली नाही, तर नियम उरत नाही. हा तर्क मला आजही बरोबर वाटतो. मी हातमोजे घातले.

तेव्हा बेल वाजली. दंतवैद्य. ड्रायव्हरकाकांनी परस्पर जाऊन सांगितलं होतं. दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर, ओठांवर घाम. म्हणाले, "मला काहीही येत नाही. तुम्ही बाहेरून सांगा, मी आत करतो."

मी म्हटलं, "तुम्हाला भोवळ येते."

"येते. तरी सांगा."

 मग हातमोजे काढून त्यांना दिले. त्यांना ते लहान झाले.

आत्या, इतका अडाणी माणूस मी त्या खोलीत पाहिला नाही. दार लोटलेलं, मी बाहेर भिंतीशी, आणि आतून पाण्यात पडलेल्या माणसासारखे घाबरे प्रश्न. "हात आधी की चेहरा?" चेहरा. "बाही जात नाही." मागून कापा, पुढून दिसत नाही. "कापू?" कापा. मध्ये बराच वेळ काहीच आवाज नाही. मी विचारलं, उभे आहात का? म्हणाले, "बसलोय. उठतो." तोंड मात्र त्यांनी न विचारता केलं, आणि मी नंतर पाहिलं, इतकं चांगलं मला जमत नाही. बाबा काहीतरी बोलून नुकतेच गप्प झाल्यासारखे दिसत होते.

टाय त्यांना दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येईना. उलटं होतं म्हणाले. शेवटी स्वतःच्या गळ्यात बांधला, सैल केला, डोक्यावरून काढला आणि बाबांना घातला. गाठ मोठी झाली होती. ती तू पाहिलीस आणि मला डोळ्याने विचारलंस. त्याचं कारण हे.

मग मी म्हटलं, उशी खांद्यापासून घ्या. त्यांनी घेतली. मी म्हटलं, थोडी वर. केली. हनुवटी? ठीक आहे म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही, थोडी खाली घ्या. घेतली. कॉलर. कॉलर पाहिली. डावा कफ उजव्याइतका बाहेर आहे का? आहे. पुन्हा बघा. बघितलं. उशी पुन्हा वर. मला दिसत काहीच नव्हतं. मी दाराकडे तोंड करून सांगत होते, आणि प्रत्येक सूचना बरोबर होती, आणि एक झाली की पुढची तयार होती. चादरीची कड. नखं. उशी. ते एकदाही कंटाळल्याचं बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मग आतून पावलं आली. ते बाहेर आले आणि त्यांनी आपल्यामागे दार ओढून घेतलं.

मी म्हटलं, "उशी—"

ते म्हणाले, "झालं."

मी म्हटलं, एकदाच. ते दारासमोरून हलले नाहीत. पुन्हा म्हणाले, "झालं आता." पेशंटला म्हणतात तसं. मग माझ्या दंडाला धरून मला पुढच्या दाराने बाहेर फुटपाथवर नेलं. समोर कंपनीचा मॅनेजर पाटी पुसत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि फडकं घेऊन आत गेला. मी किती वेळ उभी होते ते मला माहीत नाही. रडले असं ड्रायव्हरकाका सांगतात. ते वाढवून सांगतात.

तर उत्तर: समोरच्यांनी केलं.

नियमाबद्दल मी आता काही म्हणत नाही. फुटपाथवर उभं राहिल्यावर तिथे कुणी अडवून ठेवल्यासारखं वाटत नाही, एवढं मात्र नोंदवते.

दुकान मी चालवणार आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते. दंतवैद्य दर शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून शिकायला येतात. मी म्हटलं, गरज नाही. तर म्हणाले, "असं कसं? तुमच्या घरचं पुढचं माझ्याकडेच आहे ना. कोण आहे आता पुढे?" विचारण्यात जराही वाईट हेतू नव्हता, यादी करतात तसं. मी म्हटलं, आत्या. त्यांनी मान हलवली आणि लगेच सराव सुरू केला. भोवळ कमी झाली आहे. टाय जमतो. ड्रायव्हरकाकांच्या बायकोला खुर्चीत बसवून दंतवैद्यांना केस बांधायला शिकवतेय, पण पिना हातातून निसटतात, आणि बांधलेला अंबाडा तासाभरात एका कानावर येतो.

तेव्हा तू घाई करू नकोस. त्यांना अजून जमत नाही.

तुझी भाची